स्वप्नील कुसाळेची गोळी कोण भरतं? काडतुसामागचं गणित आणि घरी ‘प्रयोग’ करणाऱ्यांसाठी सात वर्षांचा तुरुंग

औरंगपुऱ्यात संध्याकाळी क्लास सुटले की महात्मा फुले पुतळ्यापासून एस. बी. कॉलेजपर्यंत मोबाइलमध्ये मान घालून चालणाऱ्या मुलांची गर्दी असते. पॅरिस ऑलिम्पिकनंतर या मोबाइलवर नेमबाजीचे व्हिडिओ जास्त दिसू लागले आणि एकापाठोपाठ एक सुचवल्या जाणाऱ्या व्हिडिओंमध्ये एक प्रकार हमखास येतो. परदेशातलं एखादं गॅरेज, टेबलावर बसवलेला लोखंडी प्रेस आणि सोनाराकडे असावा तसा नाजूक वजनकाटा. माणूस चिमूटभर दारू तोलतो, पितळेच्या रिकाम्या पुंगळीत ओततो, वर गोळी ठेवून हँडल दाबतो आणि काडतूस तयार होतं. पुढच्या दृश्यात पाच गोळ्या लक्ष्यावर जवळजवळ एकाच भोकातून गेलेल्या दिसतात.

बघणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो, हे आपल्याकडे करता येईल का?

उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकू. परवान्याशिवाय नाही. आणि केलंच, तर शस्त्र कायद्यानुसार किमान सात वर्षांची शिक्षा आहे. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. ज्या स्वप्नील कुसाळेमुळे राज्यातल्या पोरांना रायफलचं वेड लागलं, तो ज्या प्रकारात खेळतो, त्या प्रकारातली काडतुसं जगातला कोणताच खेळाडू स्वतः भरत नाही. तिथे कायदा आड येत नाही, त्या काडतुसाची घडणच तशी आहे. मग गॅरेजमधला माणूस नेमकं काय करतो आणि कुसाळेसारखे खेळाडू त्याऐवजी काय करतात?

आधी काडतूस समजून घेऊ

‘गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं जप्त’ ही बातमी आपण आठवड्यातून एकदा तरी वाचतो. त्यातलं काडतूस म्हणजे गोळी नव्हे. गोळी हा त्याचा फक्त पुढचा, नळीतून बाहेर जाणारा भाग. पोर्तुगीजांच्या ‘कार्तुचो’वरून मराठीत आलेल्या या शब्दात चार वस्तू सामावलेल्या असतात. पहिली पितळेची पुंगळी. तिच्या बुडाशी प्रायमर, म्हणजे ठोसा बसला की पेटणारा छोटासा स्फोटक थेंब. आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की आतली पिन प्रायमरवर आदळते, प्रायमर पेटतो, दारू जळते, वायू तयार होतो आणि तो गोळीला ढकलतो.

यात ‘दारू स्फोट पावते’ असं आपण सहज म्हणतो, पण नीट बनवलेल्या काडतुसात दारू फुटत नाही, जळते. अतिशय वेगाने, पण ठरलेल्या गतीने. रायफलच्या मोठ्या काडतुसात हा दाब साडेतीन ते चार हजार बारपर्यंत जातो. तुमच्या कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, यावरून अंदाज यावा. हा दाब नेमबाजाच्या गालापासून काही इंचांवर तयार होतो आणि त्याला अडवून धरतो तो रायफलचा बोल्ट.

‘बोल्ट अ‍ॅक्शन’ रायफल म्हणजे तरी काय? दाराची जुनी लोखंडी कडी आठवा. कडी उचलायची, मागे ओढायची, पुढे सरकवायची आणि खाली पाडायची. हुबेहूब तसंच. बोल्ट मागे घेतला की रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढे सारला की नवं काडतूस आत जातं, खाली पाडला की दार बंद. प्रत्येक गोळीसाठी हाताने हे करावं लागतं. पण दार इतकं घट्ट आणि दर वेळी इतकं सारखं बंद होतं की अचूकतेच्या बाबतीत ही शंभर वर्षांहून जुनी रचना आजही पहिली पसंती आहे.

मग गॅरेजमधला माणूस काय करतो?

तो आपल्या रायफलला ‘मानवेल’ असं काडतूस शोधत असतो. इंग्रजीत या छंदाला हँडलोडिंग म्हणतात. एकदा वापरलेली पितळेची पुंगळी फेकायची नाही. ती साफ करून, पुन्हा मापात आणून, नवा प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवायची. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे करायला केंद्रीय परवाना लागत नाही, त्यामुळे तिथे हा घरोघरचा उद्योग आहे. पैसे वाचतात हे एक कारण. खरं कारण वेगळं आहे.

प्रत्येक रायफलची नळी वेगळी असते. एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर, एकामागोमाग बनलेल्या दोन नळ्याही सारख्या नसतात. आतल्या पिळदार खाचांमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे फरक राहतातच. शिवाय गोळी सुटताना नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी थरथरते. गोळी नेमकी या थरथरीच्या कोणत्या क्षणी बाहेर पडते, त्यावर ती कुठे लागेल हे ठरतं. दारूचं वजन किंचित बदललं की वेग बदलतो, वेग बदलला की बाहेर पडण्याचा क्षण बदलतो. त्यामुळे एका रायफलमध्ये सोन्यासारखं चालणारं काडतूस दुसरीत पितळ ठरू शकतं.

म्हणून जाणकार हँडलोडर दारू उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेतल्या सर्वांत कमी मात्रेपासून सुरू करतो आणि अगदी थोड्या थोड्या वाढीने वर जातो. प्रत्येक मात्रेच्या काही गोळ्या झाडून वेगमापकावर वेग पाहतो, कागदावर भोकं किती जवळ पडली ते मोजतो. आणि प्रत्येक वेळी पुंगळी हातात घेऊन बघतो. प्रायमर चपटा झालाय का? बोल्ट उचलताना जड जातोय का? ही दाब वाढल्याची खूण. ती दिसली की थांबायचं, मागे यायचं. पुस्तिकेतली कमाल मात्रा हे गाठायचं ध्येय नाही, ती धोक्याची रेषा आहे, हे या छंदातलं पहिलं शहाणपण.

व्हिडिओत हे मागे येणं फारसं दिसत नाही. दिसतं ते पाच गोळ्यांचं एक भोक.

त्या एका भोकाबद्दलही थोडं सावध राहायला हवं. तीन किंवा पाच गोळ्या जवळजवळ पडणं हा पुष्कळदा निव्वळ योगायोग असतो. नाणं तीनदा उडवलं आणि तीनदा छापा आला म्हणून नाणं खोटं ठरत नाही, तसंच. गोळ्यांची संख्या वाढवत गेलं की भोकांचा घेरा पसरत जातो आणि नळीचं खरं रूप समोर येतं. सर्वांत चांगला गट मोबाइलवर टाकायचा आणि बाकीचे कागद कचऱ्यात, हा प्रकार या छंदात परदेशातही भरपूर चालतो.

उन्हाळ्याचा मुद्दा, जो आपल्याकडे फार महत्त्वाचा

दारू किती वेगाने जळेल हे तिच्या तापमानावरही ठरतं. गरम दारू जास्त वेगाने जळते, दाब जास्त वाढतो. डिसेंबरच्या पहाटे संभाजीनगरात पारा दहाच्या आसपास असतो आणि मे महिन्यात चाळिशी पार करतो. थंडीत ‘कमाल मर्यादेला टेकलेली’ मात्रा सुरक्षित वाटली, आणि तेच काडतूस मे महिन्यात दुपारी गाडीच्या डिकीत तापून रायफलमध्ये गेलं, तर ते मर्यादेच्या पलीकडे जाऊ शकतं. काही आधुनिक दारूंमध्ये हा फरक कमी ठेवलेला असतो, पण शून्य नसतो. युरोप-अमेरिकेतल्या थंड गावातल्या कोणाची तरी ‘रेसिपी’ बघून मराठवाड्यात अंदाज बांधणं किती वेडेपणाचं आहे, हे यावरून लक्षात यावं.

दुसरी चूक याहून भयंकर. पिस्तुलाची दारू आणि रायफलची दारू दिसायला सारखीच करडी-काळी असू शकते. पण पिस्तुलाची दारू खूप वेगाने जळते. ती चुकून रायफलच्या पुंगळीत गेली तर रायफलच फुटते. लेबल नसलेल्या डब्यातली दारू जाणकार लोक वापरत नाहीत, टाकून देतात, ते याचमुळे.

कुसाळेचं काडतूस वेगळं कसं?

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमधली नेमबाजी पॅरिसपासून दूर शातोरू इथल्या रेंजवर झाली. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात पात्रता फेरीत ५९० गुणांसह सातवा आला होता. अंतिम फेरीत त्याने ४५१.४ गुण घेऊन कांस्यपदक जिंकलं. या प्रकारात ऑलिम्पिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. चीनच्या लिऊ युकुनने सुवर्ण आणि युक्रेनच्या सेरही कुलिशने रौप्य मिळवलं.

या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून, अशा तीन स्थितींमध्ये गोळ्या झाडायच्या असतात. रायफल पॉइंट टू-टूची. म्हणजे गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर, वजन सुमारे २.६ ग्रॅम. हे काडतूस आजचं नाही, ‘पॉइंट टू-टू लाँग रायफल’ १८८७ पासून बाजारात आहे.

या काडतुसात वेगळा प्रायमर नसतो. पुंगळीच्या बुडाला जी बाहेर आलेली कड असते, तिच्या पोकळ घडीत प्रायमरचं मिश्रण ओलं असताना गरगर फिरवून पसरवतात आणि वाळवतात. पिन मधोमध मारत नाही, ती कडेवर आदळून कड चेपते. म्हणून याला रिमफायर म्हणतात. एकदा वापरलं की कड कायमची चेपली. ती सरळ करून आत पुन्हा तसाच प्रायमर भरणं व्यवहारात शक्य नाही. म्हणजे गॅरेजमधला तो माणूस ज्या चार गोष्टी बदलून बघतो, त्यातली एकही ऑलिम्पिकच्या नेमबाजाच्या हातात नसते. काडतूस कारखान्यातून जसं येतं, तसंच वापरायचं.

पण नळीचा हट्ट तर तोच आहे! तिलाही विशिष्ट काडतूसच मानवतं. मग?

घडवायचं नाही, निवडायचं

ब्रिटनमधली एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस आणि मूळची फिनलंडची लापुआ ही स्पर्धेच्या पॉइंट टू-टू काडतुसांमधली जगातली मोठी नावं. एली तर १८२८ पासूनची. कारखान्यात एका वेळी, एकाच मिश्रणातून, एकाच जुळणीत बनलेल्या काडतुसांना एक लॉट नंबर मिळतो. डबा तोच, ब्रँड तोच, किंमत तीच, पण लॉट बदलला की काडतूस किंचित बदलतं. प्रायमरचं मिश्रण, गोळीच्या शिशाचा मऊपणा, तिच्यावरचं मेणकट वंगण, सगळ्यात बारीक फरक पडतात.

म्हणून मोठ्या स्पर्धांमध्ये उतरणारे खेळाडू आपली रायफल घेऊन या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांवर जातात. लापुआचं असं केंद्र जर्मनीतल्या शोनेबेक इथे आहे, एलीचं बर्मिंगहॅमला. तिथे रायफल लोखंडी पकडीत घट्ट बसवतात. माणसाचा श्वास, नाडी, खांदा, सगळं बाजूला. मग एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे अनेक गट ५० मीटरवर झाडले जातात, प्रत्येक गोळीची जागा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर नोंदली जाते. कोणत्या लॉटचा घेरा सर्वांत लहान, कोणत्या लॉटमध्ये मधूनच एखादी गोळी भरकटते, हे संगणकावर समोर येतं. जो लॉट त्या नळीला मानवला, तो खेळाडू शक्य तितका विकत घेऊन ठेवतो.

गॅरेजमधला माणूस आणि ऑलिम्पिकचा नेमबाज एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत असतात. या नळीला काय आवडतं? एक जण स्वयंपाक करून बघतो. दुसरा शंभर खानावळी फिरतो आणि जिथलं जेवण पचतं तिथे महिन्याचा डबा लावतो.

अडीच मिलिमीटरची किंमत

एवढा खटाटोप कशासाठी, हे आकड्यांत बघू. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्मं. ते अर्ध्या फुटबॉल मैदानाइतक्या अंतरावरून गाठायचं. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. बरोबर मध्यभागी १०.९. त्यानंतर केंद्रापासून साधारण ०.८ मिलिमीटर दूर गेलं की ०.१ गुण कमी. कुसाळेने ४५१.४ गुण ४४ गोळ्यांत घेतले. म्हणजे सरासरी गोळीला १०.२५ हून अधिक. दुसऱ्या शब्दांत, त्याच्या गोळ्या सरासरीने केंद्रापासून सहा मिलिमीटरच्या आत होत्या.

आता काडतुसाकडे येऊ. स्पर्धेची पॉइंट टू-टू गोळी सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास वेगाने सुटते. हा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा कमी ठेवलेला असतो, कारण आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा त्याच्या खाली येताना गोळी डळमळते. ५० मीटरला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला साडेबारा सेंटिमीटर खाली ओढतं. रायफलचं साइट हे गृहीत धरूनच लावलेलं असतं.

पण एखाद्या काडतुसात वेग सेकंदाला फक्त ३ मीटरने कमी निघाला तर? म्हणजे एक टक्का फरक. गोळी हवेत एक टक्का जास्त वेळ राहील, आणि पडणं वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती दोन टक्के जास्त खाली जाईल. साडेबारा सेंटिमीटरचे दोन टक्के म्हणजे अडीच मिलिमीटर. लक्ष्यावर तीन दशांश गुण गेले. खेळाडूची काहीही चूक नसताना. फरक १० मीटरचा असेल तर जवळपास अख्खा एक गुण. ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत तीन दशांश गुणांनी माणसं बाहेर जातात.

यात एक गंमत आहे. काही नळ्यांमध्ये थरथरीची लय अशी जुळते की हळू सुटलेली गोळी नळी किंचित वर उचललेली असताना बाहेर पडते आणि पडझड आपोआप भरून निघते. म्हणजे कागदावर ज्या लॉटचा वेग सर्वांत एकसारखा, तोच प्रत्येक वेळी जिंकेल असं नाही. झाडून बघितल्याशिवाय कळत नाही.

घरी बनवलं तर कायदा काय म्हणतो?

आता मूळ प्रश्नाकडे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळ्याची निर्मिती परवान्याशिवाय करता येत नाही. बंदुकीचा परवाना आणि निर्मितीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात परवान्याची रायफल आहे म्हणून तिची काडतुसं घरी बनवण्याची मुभा आपोआप मिळत नाही.

‘आम्ही फक्त प्रेस आणि पुंगळ्या मागवल्या, दारू कुठे आहे?’ हा बचावही चालण्यासारखा नाही. कायद्यातल्या ‘दारूगोळा’ या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. ऑनलाइन साइटवर ‘टूल’ म्हणून दिसणारी वस्तू कस्टममध्ये किंवा पोलिस ठाण्यात ‘टूल’ राहत नाही.

शिक्षेचं तर पूर्ण चित्रच २०१९ च्या दुरुस्तीनंतर बदललं. आधी बेकायदा निर्मितीसाठी तीन ते सात वर्षांची कैद होती. आता किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप, शिवाय दंड. अकरावी-बारावी करून पोलिस भरती, एनडीए किंवा सीडीएसची तयारी करणाऱ्या मुलांसाठी तर गुन्हा दाखल झाला की तिथेच सगळं थांबतं. व्हिडिओ बनवणारा ज्या देशात बसलाय, तिथे तो शनिवारी दुपारचा विरंगुळा आहे. इथे ती एफआयआर आहे. हा फरक व्हिडिओखाली कुठेच लिहिलेला नसतो.

खेळाडूंसाठी सरकारने दार बंद केलेलं नाही, उलट मोठं केलंय. फेब्रुवारी २०२० मध्ये गृह मंत्रालयाने शस्त्र नियमांत बदल करून नेमबाजांना सरावासाठी वर्षभरात बाळगता येणाऱ्या पॉइंट टू-टू काडतुसांची मर्यादा १ हजारवरून ५ हजार केली. शॉटगनची ५०० वरून ५ हजार. म्हणजे रस्ता आहे, तो संघटना, क्लब आणि परवान्यातून जातो.

महाराष्ट्रात काडतुसं बनतात, पण…

देशातल्या दारूगोळ्याच्या नकाशावर महाराष्ट्र मोठा आहे. पुण्याजवळ खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची. शिकारीच्या काळापासून बाराबोरच्या बंदुकीत वापरली जाणारी ‘शक्तिमान’ काडतुसं तिथलीच. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, भुसावळजवळ वरणगावला १९६४ पासून सैन्याच्या रायफलींची काडतुसं बनतात. भंडाऱ्याच्या जवाहरनगरमध्ये दारू आणि स्फोटकं. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळाचे सात तुकडे झाले, तेव्हा हे तिन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले.

सामान्य परवानाधारकाला भारतात जी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल सहसा मिळते, ती .३१५ बोअरची, बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली. सैन्याची .३०३ नागरिकांना प्रतिबंधित बोअर आहे. इंग्रजांनी सैन्याची काडतुसं बाहेर फुटू नयेत म्हणून नागरिकांना त्या बोअरपासून दूर ठेवलं आणि स्वातंत्र्यानंतरही ती विभागणी कायम राहिली. .३१५ मध्ये काडतूस निवडायला फारसा वावच नाही. जे सरकारी कारखान्यातून येतं, ते घ्यायचं. पीक राखण्यासाठी परवाना घेतलेल्या शेतकऱ्याला त्याने फरक पडत नाही, त्याला रानडुकराला पळवायचं असतं, दहा मिलिमीटरचं वर्तुळ गाठायचं नसतं.

ऑलिम्पिकच्या दर्जाची पॉइंट टू-टू काडतुसं मात्र आपल्या खेळाडूंना आयात करावी लागतात. इथे आपली खरी अडचण आहे. युरोपातला खेळाडू गाडीत रायफल टाकून चाचणी केंद्रावर जातो. भारतीय खेळाडूला रायफल विमानाने न्यायची, तर दोन्ही देशांची कागदपत्रं, विमान कंपनीची परवानगी, कस्टम, सगळं आलं. मग लॉट निवडायचा, तो मागवायचा आणि त्याची वाट बघायची. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत असो की कुसाळे, राज्यातून या प्रकारात वर गेलेल्यांना हा खर्चिक रस्ता चुकलेला नाही. वरणगाव आणि खडकीसारखे कारखाने राज्यात असताना स्पर्धेच्या दर्जाचं रिमफायर काडतूस इथे का बनू नये, हा प्रश्न पदकांच्या सत्कारात कोणी विचारत नाही. युद्धाचं काडतूस बनवणं आणि स्पर्धेचं बनवणं या दोन वेगळ्या कला आहेत हे खरं. पहिल्यात ते चिखलात, उन्हात, कोणत्याही रायफलमध्ये हमखास उडालं पाहिजे. दुसऱ्यात हजारावं काडतूस पहिल्यासारखंच निघालं पाहिजे.

आणि दारू हाताळणं किती धोक्याचं, हे भंडाऱ्याने दाखवलंय. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात आठ कामगारांचा मृत्यू झाला. प्रशिक्षित माणसं, सरकारी नियम, वेगळ्या बांधलेल्या इमारती, सगळं असताना. स्वयंपाकघराच्या ओट्यावर यातलं काहीच नसतं.

मग औरंगपुऱ्यातल्या मुलाने काय करायचं?

ज्याला खरोखर हे शास्त्र आवडतं, त्याच्यासाठी सुरुवात दहा मीटर एअर रायफलची. यात दारू नाही, दाबलेल्या हवेवर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. २० जूलपर्यंतच्या ऊर्जेच्या आणि .१७७ बोअरच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. कुसाळेही राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या दीपाली देशपांडे यांच्यासारख्या प्रशिक्षकांच्या हाताखाली पुढे गेला. जिल्हा संघटना, राज्य स्पर्धा आणि मग राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्पर्धा असा हा क्रम आहे. त्यातल्या एका मोठ्या स्पर्धेला ग. वा. मावळंकरांचं नाव आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण १९५१ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे पहिले अध्यक्षही तेच होते.

आणि नळीच्या आवडीनिवडीचा खेळ इथेही आहेच. छर्‍याच्या चांगल्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं डोक्याचं माप छापलेलं असतं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक. क्लबमध्ये रायफल पकडीत बसवून एकेका मापाचे दहा-दहा छर्रे झाडायचे, कागद काढायचे, तारीख आणि माप लिहून ठेवायचं. तीन नाही, दहा. कोणतं माप आपल्या नळीला मानवतं ते दुपारभरात कळतं, खर्च काही शे रुपयांचा आणि पोलिस ठाण्याची पायरी नाही. अनुभवी खेळाडूंच्या वहीत प्रत्येक सरावाच्या पानावर गुणांच्या शेजारी लॉट नंबर लिहिलेला असतो, तो असाच. तेवढे डबे संपले आणि बाजारात तो लॉट मिळेनासा झाला, की नवे डबे आणायचे आणि रायफल पुन्हा पकडीत बसवायची.